‘एम्पायर रेकॉर्ड्स’: नऊ हजारांचा गल्ला आणि सीडीच्या धंद्याचे गणित

‘एम्पायर रेकॉर्ड्स’ हा सिनेमा २२ सप्टेंबर १९९५ रोजी अमेरिकेतल्या मोजक्याच थिएटरांत लागला आणि लगेच उतरला. खर्च सुमारे १ कोटी डॉलर, तिथल्या तिकीटबारीवरची कमाई जेमतेम ३ लाख. दिग्दर्शक ॲलन मॉयल. रेनी झेलवेगर, लिव्ह टायलर, रॉबिन टनी ही नावे तेव्हा अजून मोठी व्हायची होती. सिनेमा पडला तो पडलाच; मात्र व्हिडिओ कॅसेट आणि साउंडट्रॅकच्या जोरावर नंतर त्याने स्वतःचे चाहते जमवले.

कथा एका दिवसाची. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातले एक स्वतंत्र म्युझिक शॉप. लुकास या पोरावर दुकान बंद करून हिशेब करण्याची जबाबदारी पहिल्यांदाच पडलेली. त्याच रात्री त्याच्या हाती कागद लागतात: मालक हे दुकान ‘म्युझिक टाउन’ नावाच्या दुकानांच्या साखळीच्या घशात घालणार आहे. लुकास गल्ल्यातले नऊ हजारांहून थोडे जास्त डॉलर घेऊन अटलांटिक सिटीच्या जुगारखान्यात जातो, फाशांवर एका डावात ते दुप्पट करतो आणि पुढच्याच डावात सगळे घालवून बसतो. (चित्रीकरण नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये झाले. डेलावेअरमधल्या सर्वांत मोठ्या शहराचे नावही विल्मिंग्टनच, त्यामुळे अनेकांची गल्लत होते.)

पटकथाकार कॅरल हायकिनेन हिने ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात टॉवर रेकॉर्ड्सच्या दुकानात काम केले होते, आणि तोच अनुभव तिने पटकथेत वापरला. म्हणजे साखळी दुकानांच्या नावाने खडे फोडणाऱ्या या सिनेमाचा जन्मच एका साखळी दुकानातला. पण टॉवर ही वेगळ्या वळणाची साखळी होती. रस सॉलोमन यांनी १९६० मध्ये सॅक्रामेंटोत सुरू केलेल्या या दुकानांत माल कोणता मागवायचा हे बरेचसे त्या-त्या दुकानातली माणसे ठरवत. दर्शनी भागातले मोठाले फलक रंगवायला दुकानाचा स्वतःचा कलाकार असे. कपड्यांची सक्ती जवळजवळ नव्हतीच. सिनेमात म्युझिक टाउनची नियमावली वाचून पोरे खिदळतात (दिसणारे टॅटू नकोत, अंगप्रदर्शन नको), त्या हसण्यामागे हा फरक आहे.

सिनेमाचा नेम चुकतो तो शत्रू ओळखण्यात. १९९५ मध्ये म्युझिक शॉपचा गळा मॉलमधल्या साखळ्या आवळत नव्हत्या; त्या स्वतःच गटांगळ्या खात होत्या. ‘वेअरहाउस’ने ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे सिनेमा लागण्याच्या आदल्याच महिन्यात, दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले, ‘कॅमेलॉट’ने वर्षभरानंतर. खरा मार ‘बेस्ट बाय’ आणि ‘सर्किट सिटी’ या इलेक्ट्रॉनिक्सच्या अवाढव्य दुकानांचा होता. १६.९८ डॉलर छापील किमतीची सीडी दुकानदाराला साधारण साडेदहा डॉलरला पडे. ही दुकाने नवी सीडी १० ते १२ डॉलरला, प्रसंगी खरेदीच्याही खाली विकत. सीडीवर कमवायचे नव्हतेच. सीडीच्या निमित्ताने गिऱ्हाईक आत आले की फ्रिज किंवा स्टिरिओपर्यंत जाईल, एवढाच हिशेब. नुसत्या गाण्यांवर जगणाऱ्याला हा खेळ परवडणार कसा?

लुकासच्या नऊ हजारांकडे याच आकड्यांतून पाहावे. सरासरी १५ डॉलर धरले, तर हा ६०० सीडींचा गल्ला. त्यातले सुमारे ७० टक्के पैसे मुळात दुकानाचे नाहीतच. ते मालाचे, पुरवठादाराला द्यायचे. एका सीडीमागे हाती राहतात साडेचार डॉलर, आणि त्यातून भाडे, पगार, वीज. म्हणून घालवलेली रक्कम नफ्यातून भरून काढायची तर तब्बल २,००० सीडी जास्तीच्या विकाव्या लागतील. शेवटी पार्टी करून वर्गणी गोळा होते आणि दुकान वाचते, ते सिनेमात ठीक आहे.

भावयुद्ध थोपवायला रेकॉर्ड कंपन्यांनी किमान जाहिरात किमतीची अट घातली: जाहिरातीत ठरावीक आकड्याखाली भाव छापला, तर जाहिरातखर्चातला कंपनीचा वाटा बंद. छोट्या दुकानांना थोडा श्वास मिळाला, ग्राहकाचा खिसा मात्र हलका झाला. मे २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (बाजारातली स्पर्धा आणि ग्राहकहित पाहणारी सरकारी संस्था) पाच बड्या कंपन्यांना ही अट सोडायला लावली. त्याआधीच्या तीन वर्षांत ग्राहकांनी ४८ कोटी डॉलरपर्यंत जादा मोजले असावेत, असा कमिशनचा अंदाज होता.

सिनेमातला चोरटा वॉरन खिशात सीडी कोंबतो, तेही काळाला धरूनच. १९९३ पर्यंत अमेरिकेत सीडी सुमारे ६ बाय १२ इंचांच्या लांबट पुठ्ठ्याच्या खोक्यात येई. जुन्या एलपीच्या कप्प्यांत ती खोकी नीट बसत आणि खिशात मावत नसत. कचरा होतो म्हणून ती बंद झाली.

साउंडट्रॅकची गोष्ट तर सिनेमापेक्षा बोलकी आहे. ए अँड एम कंपनीच्या या सीडीवर जिन ब्लॉसम्सचे ‘टिल आय हिअर इट फ्रॉम यू’ होते. हा बँड फिनिक्सला लागूनच असलेल्या टेंपीचा. १९९५ मध्ये गाणे रेडिओवर सतत वाजत होते, तरी बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते नव्हते. कारण सुटे सिंगल (एका गाण्याची वेगळी सीडी किंवा कॅसेट) विक्रीला आल्याशिवाय गाणे त्या यादीत घ्यायचे नाही, असा तेव्हाचा नियम होता. आणि कंपन्या सिंगल मुद्दाम काढत नसत: एक गाणे हवे तर अख्खी सीडी घ्या! १९९६ मध्ये ‘फॉलो यू डाउन’सोबत ते सिंगल म्हणून आले आणि नवव्या क्रमांकापर्यंत गेले. बिलबोर्डने हा नियम डिसेंबर १९९८ मध्ये बदलला. जून १९९९ मध्ये इंटरनेटवरून गाणी फुकट उतरवून घेता येणारे नॅप्स्टर आले आणि एकाच गाण्यासाठी पूर्ण सीडीचे पैसे मोजायला लावण्याची ही सोय हळूहळू संपली.

टॉवरने २००४ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्या वर्षअखेरीस अमेरिकेतली तिची सगळी दुकाने बंद झाली. सिनेमात उतरत्या काळातला पॉपस्टार रेक्स मॅनिंग ८ एप्रिलला सह्या द्यायला दुकानात येतो. तो दिवस चाहते इंटरनेटवर आजही साजरा करतात. २०२४ मध्ये न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनच्या मॅकार्टर थिएटरमध्ये याच कथेवरचे संगीत नाटक रंगमंचावर आले. त्याची संहिताही हायकिनेनचीच.