सांबाराचा दाणा आणि सांजेला उमलणारा दुधी

लहान मुलांना भाजीच्या वाफ्याची गोडी लागावी असे वाटत असेल, तर पहिले बी त्यांचा धीर पाहून निवडावे. वांग्याला फळ धरायला दोन-अडीच महिने लागतात. पाच वर्षांच्या मुलाला तेवढी वाट पाहवत नाही. मेथी मात्र रात्रभर भिजवून पेरली, की तीन-चार दिवसांत मातीबाहेर डोकावते आणि महिनाभरात खुडायला येते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि कोवळी रोपे करपतात, म्हणून मेथी आणि सांबारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, दसरा-दिवाळीचा सुमार उत्तम.

इथली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. कुंडीत नुसती हीच माती भरली, तर पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही. त्यामुळे तिच्यात शेणखत आणि थोडी रेती मिसळावी, आणि हे कालवण्याचे काम मुलांकडेच सोपवावे. हात मळतील, ते मळू द्यावेत.

आपल्याकडे ज्याला सांबार म्हणतात, त्या कोथिंबिरीचा धणा हे खरे तर बी नसून फळ आहे. लाटण्याने हलकेच दाबले, की त्याच्या दोन फाका होतात आणि प्रत्येकीत एक बी असते. एका ओळीत अख्खे धणे आणि दुसऱ्या ओळीत फाका पेरून, कोणती ओळ आधी उगवते हे मुलांनाच पाहू द्यावे.

पावसाळ्यात गच्चीवर दुधीचा वेल असेल, तर त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही. त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, रात्री पतंग त्यांच्यावर येतात आणि सकाळी ती कोमेजतात. नर फुलाचा देठ लांब व बारीक असतो, तर मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीच असतो. पतंग फिरकत नसतील, तर सांजवेळी नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातले पराग मादी फुलाच्या मधोमध मुलाच्या हाताने अलगद टेकवावेत आणि त्या देठाला रंगीत दोरा बांधावा. फळ धरले, तर काही दिवसांत तो दुधी फुगू लागतो. नाही धरले, तर पिवळा पडून गळतो. सकाळी उठल्याबरोबर मूल आधी त्या दोऱ्याकडे धावते.