बिनतारी चार्जिंग आणि बॅटरीची झीज (गोव्याच्या हवामानासंदर्भात)

पॅडवर ठेवलेला फोन, घड्याळ किंवा इअरबड्सची डबी तारेविना चार्ज होते ती विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. आज बहुतेक उपकरणे ज्या मानकानुसार चालतात त्याचे नाव 'ची' (मराठीत ते प्रत्ययासारखे वाटते, मूळ चिनी शब्दाचा अर्थ प्राणशक्ती). त्याची पहिली आवृत्ती २०१० साली आली. पॅडमधील तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला लाखाहून अधिक आवर्तनांचा प्रवाह खेळतो, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे उपकरणातील वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि ती एकदिश (एकाच दिशेने वाहणारी) करून बॅटरीला दिली जाते.

या प्रवासात गळती होते. दोन वेटोळी एकमेकांसमोर नीट आली नाहीत, किंवा मध्ये जाड कव्हर असले, तर ती वाढते. कव्हरमागे गाडीच्या होल्डरसाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी सर्वांत वाईट, कारण तिच्यातच भोवरी प्रवाह (धातूच्या आत गोल फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण होऊन ती तापते. जागा चुकू नये म्हणून २०२३ मध्ये आलेल्या 'ची-२' मानकात चुंबकांची कडी घातली आहे.

वाया जाणाऱ्या विजेचे बिल किरकोळ असते. रोज एकदा पूर्ण चार्ज होणाऱ्या फोनमागे तारेच्या तुलनेत वर्षाकाठी दोन-तीन युनिटे जास्त जातील, एवढेच. प्रश्न ही उष्णता कुठे साठते याचा आहे. तारेने चार्ज करताना तिचा बराच भाग भिंतीवरच्या अडॅप्टरमध्ये राहतो. बिनतारी पद्धतीत तापणारे वेटोळे बॅटरीला जवळजवळ चिकटलेले असते आणि खालून गरम पॅड वारा अडवतो.

लिथियम-आयन बॅटरीच्या ग्राफाइटच्या ऋणाग्रावर (ऋण टोकावर) इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे आतल्या विद्युतवाहक द्रवाच्या, विघटनातून एक पातळ थर बसतो. तो संरक्षक असतो, पण वाढत राहिला की कामाचे लिथियम गिळत जातो. उष्णतेत ही वाढ वेगाने होते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर धनाग्राच्या (धन टोकाच्या) बाजूलाही इलेक्ट्रोलाइट बिघडतो. पूर्ण भरलेली बॅटरी २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवली तर ढोबळमानाने पाचवा हिस्सा क्षमता जाते, ४० अंशांना तिसरा. तीच ४० टक्के भरून २५ अंशांना ठेवली तर नुकसान अगदी थोडे. क्षमतेबरोबर अंतर्गत रोधही (आतून वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा) बिघडतो, म्हणजे तो वाढतो, आणि जुनी बॅटरी चार्ज होताना नव्यापेक्षा जास्त तापते.

गोव्यात मे महिन्याचा पारा दुपारी साधारण ३३ ते ३५ अंशांपर्यंत जातो. विदर्भापुढे हे काहीच नाही. दमट हवेत माणूस घामाघूम होतो, पण फोनला घाम येत नाही. त्याला हवेचे तापमान आणि वारा एवढेच कळते, म्हणून छताचा पंखा त्याच्याही उपयोगाचा. गोव्याची खरी अडचण रात्रीची आहे. उन्हाळ्यात पहाटेसुद्धा पारा २६-२७ अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. उशीशेजारी पॅडवर टाकलेला फोन दोन-तीन तासांत भरतो आणि उरलेली रात्र तसाच, भरलेला आणि कोमट, पडून राहतो. अशा रात्री फोन ८० टक्क्यांवर थांबलेला दिसला की लोक पॅडला दोष देतात. प्रत्यक्षात बॅटरी तापल्याचे ओळखून फोननेच चार्जिंग रोखलेले असते.

दिवसा गाडीतला पॅड त्याहून त्रासदायक. मिरामारला उन्हात काचा बंद करून ठेवलेली गाडी सुरू करायची, नकाशा लावायचा आणि फोन पॅडवर ठेवायचा, म्हणजे ऊन, उजळलेला पडदा, मोबाइल डेटा आणि चार्जिंग असे चार तापवणारे एकत्र येतात. हँडलला फोन लावून भरउन्हात फिरणाऱ्या पायलटांच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या, फोनला निदान वारा तरी लागतो.

छोट्या उपकरणांकडे लक्ष कमी जाते, तोटा मात्र तिथेच लवकर जाणवतो. इअरबडमधील बॅटरी साधारण ५० मिलीअँपिअर-तासांची. तिच्यातला पाचवा हिस्सा गेला तरी गाणी लवकर थांबतात. डबीत ठेवले की बड्स पुन्हा शंभर टक्क्यांवर जातात, डबी कायम पॅडवर असेल तर सारा संच सतत भरलेला आणि उबदार राहतो. शिवाय बहुतेक बड्स उघडून बॅटरी बदलता येत नाही. डबीतले वेटोळेही लहान असल्याने फोनच्या मोठ्या पॅडवर ते हमखास बाजूला सरकते.

चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवणे हा सोपा उपाय आता अनेक फोनमध्ये आहे. पावसाळ्यात तो पाळणे अवघड. सत्तरी किंवा काणकोणच्या झाडीत तारेवर फांदी पडली की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो आणि फोन भरून ठेवावाच लागतो. तेव्हा इन्व्हर्टरवर पॅड लावण्यापेक्षा साधी तार बरी: तितक्याच साठ्यात फोन जास्त भरतो, आणि कमी तापतो.