जॉबर, साचे आणि सात जणांचा गट

आज ऑफिसात ‘मायक्रोमॅनेजमेंट’ म्हणून ज्याला नावं ठेवतात, त्याला शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत चेहरा होता : जॉबर. माणूस कामावर घ्यायचा तो, खात्यात नजर ठेवायची त्यानं, आणि उद्या गैरहजर कामगाराच्या जागी बदलीवर कोणाला घ्यायचं तेही तोच ठरवणार. त्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. भारतातल्या कामगारांची स्थिती तपासणाऱ्या व्हिटले आयोगानं १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली, पण जॉबर काही एका अहवालानं हटला नाही.

अमेरिकेत अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी वेगळी वाट धरली होती. जॉबरच्या मर्जीऐवजी घड्याळ. कामाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा वेळ मोजायचा. विचार वरच्यांनी करायचा, हात कामगारानं चालवायचे. टेलर यांना हे न्याय्य वाटत होतं, हे विसरू नये. त्याच वळणाचं ‘रॅशनलायझेशन’, म्हणजे कमी माणसांत जास्त काम, मुंबईत आलं. विणकरानं दोनाऐवजी तीन साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवावेत, हे १९२८ च्या मोठ्या संपाचं एक कारण होतं.

पुढे १९३० च्या दशकाअखेर मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयोवात शाळकरी मुलांच्या गटांवर प्रयोग केले. हुकमी नेता खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम ढेपाळे. सगळ्यांना विचारून चालणाऱ्या नेत्याच्या गटाला फारसा फरक पडत नसे. पण ती मुलं होती, मुखवटे बनवत होती. पोटाचा प्रश्न नव्हता.

म्हणून मला अहमदाबादचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. सन १९५३. साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित साचे बसवले होते, तरी कापड अपेक्षेइतकं निघत नव्हतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या समाजसंशोधन संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. २२४ साच्यांवर २९ माणसं होती आणि कामाचे प्रकार तब्बल १२. विणकर वेगळा, साच्याच्या बॅटरीत (सुताच्या कांड्यांच्या कप्प्यात) कांड्या भरणारा वेगळा, एकाच वेळी तुटलेले अनेक धागे सांधणारा तिसरा, तेल घालणारा आणखी चौथाच. गोम अशी की प्रत्येकाच्या वाट्याचे साचे निरनिराळे. एका विणकराच्या साच्यांवर कांड्या भरायला दोघे येत, आणि ते दोघे इतर विणकरांचेही असत. साचा अडला तर तो नेमका कोणाचा? उत्तर कोणाकडेच नव्हतं, म्हणून देखरेख करणारे दिवसभर धावत.

राइस यांनी सुचवलं : साच्यांचे गट पाडा आणि एकेका गटाची जबाबदारी सात-सात जणांना एकत्र द्या. कामगारांनी कल्पना लगेच उचलली आणि आपापले गट स्वतःच जुळवले. काही काळानं कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ वर गेली, खराब कापडाचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० वर आलं. साहेब गोड बोलू लागले म्हणून हे झालं नाही. साचे तेच होते. कामाची वाटणी बदलली होती.

१९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर तिथे परत गेले. स्वयंचलित साचाखात्यात गट बरेचसे विरघळले होते. बाजाराच्या मागण्या बदलल्या, ताण वाढला, तसे वरचे लोक पुन्हा रोजच्या बारीकसारीक कामात शिरले. साध्या, स्वयंचलित नसलेल्या साच्यांच्या एका खात्यात मात्र जुने गट जवळपास तसेच चालू होते.