खत घालण्याआधी मूळ बघा

दुकानात रोज येणारा प्रश्न: "झाड पिवळं पडलंय, कुठलं खत देऊ?" आम्ही उलट विचारतो, पिवळं पान कुठलं, वरचं की खालचं? काही गिऱ्हाइकांना हा वेळकाढूपणा वाटतो, पण निम्मं निदान तिथंच होतं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी. जुन्याच पानांच्या शिरांमधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह. आता गोव्याच्या तांबड्या मातीत लोहाला काय तोटा? लोह मातीत असतंच, मुळाला ते मिळत नसतं.

मूळ नुसतं पाणी ओढत नाही. पानांनी तयार केलेल्या अन्नाचा बराच वाटा साखर आणि सेंद्रिय आम्लांच्या रूपात मुळावाटे मातीत जातो आणि त्यावर जिवाणू, बुरशी पोसतात. मुळाला लागून असलेला हा जेमतेम काही मिलिमीटरचा थर बाकीच्या मातीहून इतका वेगळा, की १९०४ साली जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी त्याला 'रायझोस्फिअर' असं स्वतंत्र नाव दिलं. तिथला पीएच (आंबटपणा मोजायचा अंक; तो जितका कमी तितकी माती आंबट) शेजारच्या मातीपेक्षा एक-दोन अंकांनी वेगळा असू शकतो. एक अंक ऐकायला लहान वाटतो, पण त्याचा अर्थ आम्लता दहापट.

हा पीएच आपण घालतो त्या खतानेही हलतो. अमोनियम सल्फेटमधला नत्र घेताना मूळ बदल्यात आम्ल बाहेर टाकतं. नायट्रेट घेताना उलट घडतं. जांभ्याची माती मुळातच आंबट, त्यात आपल्या तीनेक हजार मिलिमीटर पावसात कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं. अशा भाटात (नारळी-बागायतीच्या जमिनीत) वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेटच ओतत राहिलं आणि पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळू लागतं. मिरचीचं खुंटलेलं एखादं रोप उपटून धुऊन बघा. मुळांची टोकं आखूड, जाड, तपकिरी आणि बारीक तंतू जवळजवळ नाहीतच, असं दिसलं तर संशय अ‍ॅल्युमिनियमचा. काही झाडं मुळातून सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल सोडून त्याला बांधून टाकतात; सगळ्यांना ते जमत नाही.

स्फुरदाचीही (फॉस्फरसचीही) तीच रड. सुपर फॉस्फेट घालता, ते लोह आणि अ‍ॅल्युमिनियमला चिकटून बसतं, जागचं हलत नाही. मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं, आणि त्या कामी मायकोरायझा या मुळाशी जोडून राहणाऱ्या बुरशीचे धागे मुळापेक्षा पुढे पोचतात. हे धागे टिकावेत म्हणून कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाचोळा जाळू नका, आणि रोपाभोवती गरज नसताना खणत बसू नका.

आता उलटा प्रकार. नव्या घराच्या कंपाउंडलगत लावलेला एक्झोरा (शोभेचं फुलझाड) पिवळा पडतो तेव्हा खाली खणून बघावं: सिमेंटचा राडारोडा हमखास सापडतो. त्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह अडकून पडतं. किनाऱ्यालगतच्या शिंपल्यांच्या वाळूतही हेच. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट घालून फवारलं तर पानं हिरवी होतील, पण राडारोडा काढला नाही तर पुन्हा पिवळी पडणारच.

भाताची गोष्ट वेगळी. पाणी साचलेल्या शेतात लोह उलट जास्त विरघळतं. भाताचं रोप पानांकडून मुळाकडे हवा पोचवतं आणि विरघळलेलं लोह मुळावरच गंजासारखं बसतं. उपटलेल्या रोपाची मुळं तांबूस दिसतात ती त्यामुळे. तो रोग नव्हे. खाजनात, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतात, खारटपणाचं ओझं वेगळंच, तिथं कोरगुट हे खारेपणा सोसणारं देशी भात किंवा जुने गोवे येथील संशोधन संस्थेच्या गोवा धान वाणांबद्दल विचारा.

आंबट मातीला चुना किंवा डोलोमाइट लागतं. मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट बरं. मात्र युरिया किंवा शेणखताबरोबर चुना एकत्र घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

माती तपासायची तर खत घालण्याआधी, भाटाच्या पाच-सहा जागांवरून वीतभर खोलीची माती घ्या. बांधाजवळची आणि शेणाच्या ढिगाखालची नको. मिसळून, सावलीत वाळवून अर्धा किलो पिशवीत भरा, त्यावर पिकाचं नाव लिहा आणि आपल्या झोनल कृषी कार्यालयात चौकशी करा. रिपोर्ट आला की घेऊन या. तो बघितल्याशिवाय चुन्याची पोती आम्ही देत नाही.