इंजिनचा आवाज आणि अस्थिर आयडलिंग : जुन्या वाहनांतील निदान

आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता उभ्या गाडीत, इंजिन थरथरणे, मिस मारणे (एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणे), आपोआप बंद पडणे, किंवा त्यातून टकटक, खडखड, चिरचिर असे आवाज येणे या तक्रारींचे मूळ शोधून काढण्याची पद्धत. ही नोंद मुख्यतः कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वीज वाटून देणारा भाग) असलेल्या पेट्रोल इंजिनांविषयी आहे. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही स्वनिदान प्रणाली बंधनकारक झाली आणि कोणता सिलिंडर मिस मारतो हे स्कॅनरवर दिसू लागले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत ही सोय नाही. तेथे कान, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा ओढते तो दाब मोजणारे) आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे) एवढ्यावर काम भागवावे लागते, आणि नीट वापरली तर ही साधने पुरतात.

निदानाचा पाया म्हणजे आवाज ‘कसा’ यापेक्षा ‘केव्हा’ याची नोंद. थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर, जागेवर की चढावर, रेस करताना की ॲक्सिलेटर सोडताना, हे ठरले की निम्मी कारणे बाद होतात. हे न करता सुटे भाग बदलत सुटणे हा या कामातला सर्वांत महाग मार्ग आहे.

आवाजाची लय

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टनने फिरणारा दांडा, थोडक्यात क्रँक) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकच होतो. आयडलिंग मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल, तर एका टॅपेटचा (कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारा भाग) आवाज मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे सात वेळा येतो. क्रँकशी जोडलेल्या भागाचा आवाज त्याच्या दुप्पट वेगाने येऊ शकतो. हा फरक सरावलेल्या कानाला कळतो. शंका असेल तर टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरला लावावा. डिस्ट्रिब्युटर असलेल्या इंजिनात तो क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा लुकलुकतो. प्रत्येक प्रकाशाबरोबर एक ठोका पडला तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या बाजूला, दोन पडले तर खाली क्रँकच्या बाजूला.

आवाजाची जागा शोधायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप उत्तम. तो नसेल तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवतात. मात्र लोखंडातून आवाज दूरवर पोहोचतो, म्हणून एका ठिकाणी ऐकून निष्कर्ष काढू नये. सैल कपडे आणि हात फिरत्या पंख्यापासून लांब ठेवावेत, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

टॅपेट

वरच्या बाजूची हलकी, एकसारखी टकटक बहुधा टॅपेटची असते. रॉकर आर्म (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली फट वाढली की ती येते. फट उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे थंड किंवा गरम इंजिनात मोजायची असते आणि दोन्हींचे आकडे वेगळे असतात. फीलर गेजची पट्टी फटीतून ओढताना किंचित अडखळत सरकली पाहिजे. सुळकन निघाली तर फट जास्त, ओढावीच लागली तर कमी. रॉकरचा घासलेला पृष्ठभाग मध्ये खोलगट झाला असेल तर सपाट पट्टी त्या खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि फट प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते. सेटिंग बरोबर करूनही टॅपेट वाजत राहण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

‘टॅपेट थोडे वाजलेले बरे’ असे जुने कारागीर म्हणतात, आणि ते अगदी खरे आहे. फट उरली नाही तर आवाज बंद होतो, पण व्हॉल्व्ह सीटवर (तो मिटताना ज्या कडीवर टेकतो ती) पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटमार्फत बाहेर पडते. ती वाट अडली की व्हॉल्व्हची कडा जळते. शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडवलेल्या, मऊ सीटच्या इंजिनांना हा धोका अधिक, कारण शिशाचा थर सीटचे रक्षण करत असे. जगात मोटारींसाठी असे पेट्रोल विकणे २०२१ मध्ये पूर्णपणे थांबले. अशा इंजिनात कठीण धातूच्या सीट बसवलेल्या नसतील तर फट हळूहळू कमी होते का, हे ठरावीक अंतराने तपासलेच पाहिजे.

टॅपेटसारखीच टकटक एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) फुटक्या गॅस्केटमधूनही येते. ती थंड इंजिनात आणि ओझ्याखाली मोठी असते, धातू तापून फुगला की कमी होते, आणि सांध्यापाशी काळी काजळी दिसते. हे न पाहता टॅपेट कव्हर उघडणाऱ्याचा वेळ वाया जातो.

खालचे आवाज

बोअरमध्ये सैल झालेला पिस्टन थंडीत पोकळ खडखड करतो आणि गरम झाल्यावर शांत होतो. अशी गाडी जपून बराच काळ चालते. बिग एंड बेअरिंगचा (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथले बेअरिंग) ठोका मात्र गंभीर असतो. इंजिन मध्यम वेगावर नेऊन ॲक्सिलेटर किंचित सोडला की तो स्पष्ट ऐकू येतो, आणि इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झाले की वाढतो. त्या सिलिंडरचा स्पार्क बंद केल्यास ठोका बराच दबतो. मेन बेअरिंगचा (क्रँकला आधार देणारे बेअरिंग) आवाज आणखी खोल, घुमल्यासारखा असतो आणि ओझ्याखाली येतो. या दोन बेअरिंगांपैकी कोणाचाही आवाज आढळला, त्यातही ऑइलचा दिवा आयडलिंगला लुकलुकत असेल, तर गाडी चालवू नये. घट्ट ऑइल घालून आवाज दाबल्याने क्रँक वाचत नाही.

बेल्टची चिरचिर, वॉटर पंप किंवा अल्टरनेटरच्या बेअरिंगची घरघर ओळखणे सोपे आहे : थंड इंजिनात बेल्ट काढून क्षणभर चालवावे, आवाज थांबला तर तो बाहेरचा. क्लच दाबल्यावर बदलणारा आवाज क्लच किंवा गिअरबॉक्सकडचा असतो.

आयडलिंग का बिघडते

आयडलिंगला थ्रॉटल (इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ मिटलेला असतो आणि इंजिन अगदी थोड्या मिश्रणावर चालते. बारीक फटीतून शिरलेली हवा रेस केल्यावर जाणवतही नाही, पण आयडलिंगला तीच एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते) आणि सिलिंडर मिस मारतो. रेस केल्यावर सुधारणाऱ्या मिसिंगचा पहिला संशय म्हणूनच हवेच्या गळतीवर घ्यावा. इनटेक मॅनिफोल्डचे (मिश्रण सिलिंडरांत नेणाऱ्या नळ्यांचे) सांधे, कार्बोरेटरखालचे गॅस्केट, तडकलेले व्हॅक्यूम होज आणि ब्रेक बूस्टरची नळी या नेहमीच्या जागा. थ्रॉटलची दांडी जिथे फिरते तिथले भोक झिजल्यानेही हवा शिरते, आणि तिथे गॅस्केट बदलून काही होत नाही. नवे बुश बसवावे लागते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा सांध्यावर मारल्यावर इंजिनचे फेरे बदलले तर गळती सापडली, पण हा द्रव ज्वलनशील असतो, तापलेल्या एक्झॉस्टवर तो पडता कामा नये.

व्हॅक्यूम गेज समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनात साधारण १७ ते २१ इंच पारा असा स्थिर आकडा दाखवते. दर ३०० मीटर उंचीमागे तो सुमारे एक इंचाने उतरतो. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेले (ठिणगी उशिरा पडणारे) इग्निशन टायमिंग, आणि ठरावीक लयीत झटका घेत असेल तर एखादा व्हॉल्व्ह, असे सर्वसाधारणपणे समजतात.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी प्लगच्या वायर एकेक करून काढतात. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की फेरे घसरतात. फरक पडला नाही तो सिलिंडर मेलेला. वायर उघडी न सोडता अर्थ करावी (इंजिनच्या धातूला जोडावी), नाहीतर कॉइल बिघडू शकते. मग त्या सिलिंडरचा प्लग पाहावा : फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल येते, पेट्रोलने ओला म्हणजे बहुधा स्पार्कच नाही.

प्लग आणि स्पार्क ठीक असूनही सिलिंडर मेलेला असेल तर कॉम्प्रेशन मोजावे. सर्व प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी चार्ज असावी. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांहून जास्त नसावा. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग झिजल्या, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतो. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी असतील तर दोघांमधले हेड गॅस्केट गेलेले असण्याची शक्यता मोठी.

इंजिन नीट चालत असूनही गाडी हादरत असेल, तर इंजिन माउंटिंगचे रबर तपासावे. हे कारण सर्वांत जास्त विसरले जाते.

कामाचा क्रम

आधी टॅपेट आणि कॉम्प्रेशन, मग पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलची वीज तोडून ठिणगी घडवणारा स्विच), काँडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी रोखणारा भाग), प्लग आणि टायमिंग, त्यानंतर हवेची गळती, आणि कार्बोरेटर शेवटी. बहुतेक जण नेमके उलट करतात, कारण मिश्रणाचा स्क्रू हाताशी असतो. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही सरकते, म्हणून पॉइंट आधी. हे सर्व झाल्यावर इंजिन पूर्ण गरम करून मिश्रणाचा स्क्रू सावकाश फिरवत फेरे सर्वांत जास्त आणि एकसारखे कुठे होतात ते पाहावे, आणि वाढलेला वेग थ्रॉटलच्या स्क्रूने खाली आणावा. मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही फेऱ्यांत काहीच फरक पडत नसेल, तर आयडल जेट तुंबला आहे किंवा थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त उघडा राहतो आहे.