मध-पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतं का?

"गाण्याआधी मध घालून गरम पाणी प्या, ते थेट स्वरतंतूंवर जाऊन आवाज मोकळा करतं" हा फॉरवर्ड मला दर महिन्याला येतो, आणि मी स्वतः गिटार आणि थर्मास घेऊन एकटाच स्वारगेटवरून रात्रीची एसटी पकडून गावोगावी गाणारा, मीपण बरीच वर्षं हेच करायचो.

पण गिळलेलं काहीही स्वरतंतूंवर जात नाही. ते श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात, आणि पाणी मागच्या अन्ननलिकेतून जातं. गिळताना स्वरयंत्र वर सरकतं, वरची झडप झाकली जाते आणि स्वरतंतूसुद्धा घट्ट मिटतात. खोटं वाटत असेल तर गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून नुसता आवंढा गिळा, घाटी वर उचललेली कळेल, आणि त्याच क्षणी "आ" म्हणून बघा, जमणारच नाही. चुकून एखादा थेंब तिकडे गेलाच तर आवाज मोकळा बिकळा होत नाही, जोरात ठसका लागतो :)

मग बरं का वाटतं? कारण घशाचा वरचा भाग शेकतो, खवखव आणि खोकला कमी होतो. खरंच होतो, त्यामुळे पिणं सोडू नका. फक्त स्टेजवर जायच्या 5 मिनिटं आधी ढोसून उपयोग नाही, पाणी स्वरतंतूंना रक्तातून मिळतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून दिवसभर थोडं थोडं प्यायचं. थेट पोचते ती वाफ, कारण ती आपण श्वासातून घेतो. बाकी एसटीच्या घरघरीवर ओरडून गप्पा मारणं बंद केलं तेव्हा मला जास्त फरक पडला. 3 आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला असेल तर मात्र सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.