हद्दवाढ (सोलापूर)

लगतची गावे महानगरपालिकेच्या सीमेत घेणे म्हणजे हद्दवाढ. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार हा अधिकार राज्य शासनाचा. सोलापुरात मात्र हा शब्द कधीच सरकारी कागदातून बाहेर पडला. ‘कुठं राहता?’ याला ‘हद्दवाढ भागात’ हे पुरेसे उत्तर असते, तीन दशकांनंतरही.

महानगरपालिका १९६४ ची. पेठा, गिरण्या आणि सिद्धेश्वर तलाव यांच्या आसपास दाटलेल्या या शहराचे क्षेत्र सुमारे ३३ चौ. किमी होते. १९९२ मध्ये बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव आदी गावे आत आली आणि ते १७८.५७ चौ. किमी झाले. पाचपटीहून मोठे झालेले शहर पाणी पिते ते मुख्यतः शंभरावर किलोमीटरवरच्या उजनी धरणाचे, आणि तेही काही दिवसांआड.

शहराच्या कडेची वस्ती वाढते ती गुंठ्यागुंठ्याने. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फूट. शेतजमीन बिगरशेती न करताच तुकडे विकले जातात. २०२५ मध्ये शिथिल होईपर्यंत १९४७ चा, ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्यांची विक्री रोखणारा तुकडेबंदी कायदा आडवा येत असे, म्हणून सातबाऱ्यावर अनेकांची नावे एकत्र चढत किंवा व्यवहार नुसत्या स्टॅम्पपेपरवर राही. रस्त्याला जागा सोडणे विकणाऱ्याला परवडत नाही. पुढे विकास आराखड्यातला रस्ता नेमका कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून जातो. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली. कधीपर्यंतची बांधकामे त्यात बसतील, ही मुदत २०२१ च्या दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंत पुढे आणली. मुदत सरकली की पुढचा गिऱ्हाईकही निर्धास्त होतो, हे वेगळे सांगायला नको.

संविधानाच्या अनुच्छेद २४३-त नुसार महानगर क्षेत्राला किमान दहा लाख लोकसंख्या लागते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर ९,५१,५५८ वर, म्हणजे त्या आकड्याच्या अलीकडेच थांबले. हद्दीबाहेर ग्रामपंचायती आणि प्रादेशिक योजना; पण वाढ तिथेही पोचली आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत विडी व यंत्रमाग कामगारांसाठी आधी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाची वसाहत उभी राहिली, मग ३०,००० घरांचे रे-नगर. त्यातल्या १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. रे-नगर पुरते भरले, तर एकट्या त्या वसाहतीची वस्ती पंढरपूरच्या बरोबरीला येईल.